गाडी कोणाची ते कळव

पेडणे,
१२ जुलै २०२५

चि. गौरेश यास आशीर्वाद.

माझ्या मावशीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, उजव्या डोळ्याची पट्टी काल काढली. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हापशाला झालं. सकाळी गाडीने गेलो आणि दुपारी जेवायला घरी. पट्टी काढल्यावर मावशीने आधी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "गो, तुझे केस कधी पांढरे जाले?" मी चार वर्षांत कलप लावलेला नाही, हे तिला आता दिसलं. मग तिने स्वयंपाकघरातली भांडी पाहिली आणि सगळी पुन्हा घासायला काढली. तेव्हा डोळा उत्तम आहे असं समज.

फोनवर तिला धड ऐकू येत नाही, हे एका अर्थी बरंच झालं. त्यामुळे तुझी पत्रं येतात. चहा झाला की मी जनेलाशी, खिडकीच्या उजेडात बसून मोठ्याने वाचते, ती मध्येच थांबवते, मी पुन्हा वाचते. तिचा गौरेश लंडनच्या पोलिसांच्या हेलिकॉप्टरात कॅमेरा घेऊन बसतो, हे तिने पाव घेऊन येणाऱ्या पोदेरापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंय. मागच्या पत्रात तू लिहिलंस की विमानतळावरून जाताना मोठी विमानं तुमच्यासाठी थांबली. तेव्हापासून तिची समजूत अशी, की तू आकाशात हात आडवा करतोस, म्हापशाच्या चौकातल्या पोलिसासारखा. मी म्हटलं, तसं नसावं. पण मग कसं, ते मला सांगता आलं नाही. माहीत नसताना 'नसावं' म्हटलं, याची चुटपुट लागली आणि डायरीत तसं लिहून ठेवलं.

आता तूच नीट लिही. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्याही डोक्यावरून विमानं जातात. नवा डोळा घेऊन ती कालपासून अंगणात खुर्ची टाकून विमानं मोजत बसली आहे. तिला विचारायचंय, की चोर मोठा की विमान? आणि वर तुला ओरडणारं कोणी आहे की नाही?

तुझी ताई,
सुमंगला


लंडन,
२७ जुलै २०२५

प्रिय ताई, आणि शेजारी बसून ऐकणारी आई,

ओरडणारं आहे. आईला सांग, मी हात आडवा करत नाही, हात जोडतो.

आम्ही तिघं असतो. पायलट हेलिकॉप्टर चालवतो आणि कंट्रोलरशी बोलतो. मी त्याच्या शेजारी बसून कॅमेरा फिरवतो आणि जमिनीवरच्या पोलिसांशी बोलतो. मागे एक सहकारी नकाशा बघते. तिघांच्या कानांत एकाच वेळी तीन ठिकाणची बोलणी. आईला लग्नाच्या पंगतीत जसं सगळीकडचं एकदम ऐकू यायचं, तसं यायला शिकावं लागतं.

शहराच्या पश्चिमेला मोठा विमानतळ आहे. त्याच्याभोवती आकाशात एक हद्द आखलेली आहे. ती दिसत नाही, नकाशावर असते. तिच्यात पोलिसांनाही परवानगीशिवाय शिरता येत नाही. परवानगी देतो तो कंट्रोलर. तो रडारच्या पडद्यापाशी बसून सगळ्यांना वाट आखून देतो. उतरणारी विमानं दीड-दोन मिनिटांच्या अंतराने एका रेषेत येतात. आम्हाला पलीकडे जायचं असलं की तो म्हणतो, नदीच्या अलीकडे थांबा, हजार फुटांच्या वर जाऊ नका. आम्ही घिरट्या घालत राहतो. मग तो विचारतो, रांगेतलं दुसरं विमान दिसलं का? दिसलं असं आम्ही म्हटलं, तरच तो म्हणतो, ते गेल्यावर त्याच्या मागून जा. अगदी पाठीला लागून नाही हं. मोठ्या विमानामागे हवेत न दिसणारे भोवरे राहतात, आमचं पाखरू उलथंपालथं करतील.

चोर मोठा की विमान? कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर आम्ही मोठे, विमानं थांबतात. चोरीची मोटार शोधत असलो तर विमान मोठं, आम्ही थांबतो. 'थांबा' म्हणजे 'नाही' असं कोणी समजत नाही, 'हो' असंही नाही. मात्र हवेत थांबायलाही तेल जळतं. ते संपत आलं की गप्प न राहता सांगायचं असतं. नवे पायलट संकोचाने सांगत नाहीत आणि बोलणी खातात.

एक गोष्ट ताई, तुला फार आवडेल. कंट्रोलरने सांगितलेलं पायलटला लगेच परत म्हणून दाखवावं लागतं. उंची, हद्द, आकडे, सगळं. नुसतं 'बरं' म्हटलेलं चालत नाही. याला रीडबॅक म्हणतात. कंट्रोलर कान देऊन ऐकतो ते त्यातून काय गळलं, एवढ्यासाठी.

तर आता तू रीडबॅक दे. डोळ्यांत थेंब दिवसातून किती वेळा घालायचे? चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान यंदा कोण आणणार? आणि म्हापशाला गेलात ती गाडी कोणाची? त्यांचे आभार मानायचे आहेत.

तुझी भावजय हर्षा आणि मी दोन वर्षांनी कायमचे परत येऊ म्हणतो. तोवर तू आईपाशी आहेसच, म्हणून इथे निवांत असतो.

तुझा,
गौरेश


पेडणे,
९ ऑगस्ट २०२५

चि. गौरेश,

रीडबॅक देते. थेंब आधी दिवसातून चार वेळा, आता तीन वेळा. थेंब घालताना मावशी मान मागे टाकून 'हजार फुटांच्या वर जाऊ नको' असं मला बजावते. माटोळीची जबाबदारी यंदा माझी. सुपारीची शिपटी, नारळाची पेंड, रानातली कांगलां, घागऱ्या, सगळं सांगून ठेवलंय. तोरिंगाची फळं या वर्षी पेडण्यात चांगली नाहीत, ती मयेहून येतील. आणि दोन वर्षांनी तुम्ही परत येणार, हेही वाचलं.

तुझं पत्र पाच वेळा वाचून झालं. शेजारचा धाकू एकदा ऐकायला येऊन बसला होता. तो म्हणाला, पोलीस असून थांबतात म्हणजे पोलीस कसले? मावशीने त्याला सुनावलं, की परवानगी मागून येतो तो पोलीस, न मागता शिरतो तो रेडा. धाकूचा रेडा गेल्या आठवड्यात आमच्या परसात शिरला होता.

कॉलेजच्या लायब्ररीत नवीन कपाटं आली. पुस्तकं लावून हात दुखताहेत. बाकी कुशल.

तुझी ताई,
सुमंगला


लंडन,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

हे पत्र मुद्दाम कॉलेजच्या लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी आलं असतं तर तुला ते मोठ्याने वाचावं लागलं असतं.

मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. दोन परत आल्या. गाडी आली नाही. तू विसरलीस म्हणावं, तर लायब्ररीतलं एक कार्ड इकडचं तिकडे झालं तरी तुला जेवण जात नाही.

माझं काम वरून बघायचं. गर्दीत काय वेगळं दिसतं, तिकडे कॅमेरा वळवायचा. पेडण्याच्या घरात मयेची तोरिंगं का येतात? मयेला आपलं कोणी नाही. थट्टा नाही करत, ताई. सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण मग 'सांगणार नाही' असं लिही. मौन ऐकून मला काही ठरवता येत नाही.

गाडी कोणाची ते कळव.

तुझा,
गौरेश


पेडणे,
१० सप्टेंबर २०२५

चि. गौरेश,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी मी त्यात जरा जास्तच चांगली दिसत होते.

जीप कृष्णनाथ यांची. मयेला तळ्याजवळ त्यांची रोपवाटिका आहे. पूर्वी डिचोलीला खनिजाचे दोन ट्रक होते. खाणी बंद झाल्यावर ते विकून त्यांनी सुपारी-मिरीची रोपं करायला घेतली. वय एक्कावन्न. पत्नी वारल्याला नऊ वर्षं झाली, मूल नाही. कॉलेजच्या बागेसाठी रोपं घेऊन आले होते, तेव्हा कलमांवरचं पुस्तक आहे का म्हणून लायब्ररीत डोकावले. मी त्यांना सभासद करून घेतलं. अडीच वर्षांत त्यांनी एकही पुस्तक उशिरा आणलेलं नाही. तू हसशील, पण माझ्या नोकरीत हे कोणाच्याही बाबतीत झालेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला सरळ लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, थांबा. ते थांबले आहेत.

याच्यापुढचं लिहायला जड जातंय. त्या आठवड्यात मी देवळात प्रसाद घ्यायला, देवाचा कौल लावायला गेले होते. भटजींनी देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि मी मनात विचारलं: मी लग्न करू का, आणि मावशीला एकटी ठेवू का? एक पाकळी उजवीकडून, होकाराची, पडली आणि तिच्याबरोबरच एक डावीकडून. भटजी म्हणाले, "बाये, तू दोन गोष्टी एकदम विचारल्यास. एकेक करून विचार." मी हो म्हटलं आणि घरी आले. डायरीत लिहिलं, 'देवाने नको म्हटलं.'

परवा तुझं पत्र आल्यावर ते पान काढून पाहिलं. देवाने नको म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा विचारायचं टाळलं, कारण उजवी पडली असती तर मला मावशीला सांगावं लागलं असतं. रोज खरं लिहायचं म्हणून डायरी लिहिणारी मी, तिच्यात दोन वर्षं एक खोटं वाक्य सांभाळून बसले. पान फाडलं नाही. त्याच्याखाली परवाची तारीख घालून दुरुस्ती लिहिली.

तुझ्यापासून का लपवलं? मी आहे म्हणून तू निवांत असतोस, हे तूच लिहिलंस. आईबाबा गेल्यावर मावशीने मला सहाव्या वर्षी घरी आणलं. माझ्या वेण्या घालून झाल्यावर तुला कडेवर घ्यायची. तिचं हे ऋण आहे म्हणून राहते, असं मी स्वतःला सांगते. पण कधी वाटतं, तिच्या आडोशाला मीच लपले आहे. यातलं खरं कोणतं, मला खरोखर ठरवता येत नाही.

माटोळी छान झाली. तोरिंगं चार होती, मावशीने ती सगळ्यात पुढे बांधायला लावली.

तुझी,
सुमंगला


लंडन,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

'तू आईपाशी आहेसच.' जुलैमध्ये मी हे असं लिहिलं, जसं काही तुला विचारून झालं होतं. विचारलं कधीच नव्हतं. वीस वर्षं झाली मला इथे येऊन, एकदाही नाही. रोज परवानगी मागून आकाशात शिरणारा माणूस मी, आणि तुझ्या आयुष्यात धाकूच्या रेड्यासारखा शिरलो. माफ कर.

आता एकच गोष्ट विचारतो: तुला हवं आहे का? आईचं काय, माझं काय, हे त्यात घालू नकोस. उत्तर मला नाही दिलंस तरी चालेल. त्या माणसाला दे. त्यांचंही तेल जळतंय.

घरच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकलंय. त्यात तुझ्याबद्दल एक अक्षर नाही, निर्धास्तपणे वाच.

गौरेश


लंडन,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय आई,

तुला नेहमी चोरांच्याच गोष्टी सांगतो, आज वेगळी सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी एक ब्याऐंशी वर्षांची बाई वृद्धाश्रमातून चालत बाहेर पडली आणि सापडेना. थंडी होती, अंगात साधा झगा. शेवटची दिसली ती विमानतळाजवळच्या तळ्याकाठी. नेमकी विमानं उतरतात त्या रेषेखाली.

पायलटने कंट्रोलरला सांगितलं की म्हातारी हरवली आहे, जिवाचा प्रश्न आहे. त्याने लगेच आम्हाला आत घेतलं. निघणारी विमानं जमिनीवर थांबवली आणि उतरायला आलेल्या दोन विमानांना वळवून एक फेरी मारायला लावली. खाली सगळं लव्हाळं. डोळ्यांना काही दिसेना, पण आमचा कॅमेरा अंगाची ऊब दाखवतो. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. मी जमिनीवरच्या पोलिसांना वाट सांगत गेलो: डावीकडे, अजून थोडं, पुढे पाणी आहे, वळसा घाला. म्हातारी एका पालथ्या होडीवर मांडीवर हात ठेवून बसली होती. आम्हाला बघून तिने हात हलवला. एवढं सगळं चार मिनिटांत.

तिच्या अंगावर कोट घातलेला दिसला, तसा पायलट म्हणाला, 'काम झालं, हद्दीबाहेर पडतो.' मला खरं तर अजून थोडं बघायचं होतं. पण तसं करता येत नाही. आम्ही बाहेर पडल्याचं सांगितलं नाही, तर कंट्रोलर आमच्यासाठी आकाश अडवून ठेवतो आणि विमानं उगाच फिरत राहतात. मदत घेऊन झाली की लगेच 'वाट मोकळी' असं सांगणं, हाही आमच्या कामाचाच भाग.

तुझा,
गौरेश


पेडणे,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. गौरेश,

तुझं घरचं पत्र मी मंगळवारी वाचलं. झालं ते जसं झालं तसं लिहिते, माझ्याकडून भर घालत नाही.

वाचून झाल्यावर मावशीने चहाचा कप उचलला. मग तिने विचारलं, त्या विमानांत माणसं किती असतील? मी म्हटलं, सगळी मिळून सहाशे तरी असतील. आणि म्हातारी एक? एक. सापडल्यावर हेलिकॉप्टर तिथे घुटमळलं नाही ना, ते पुन्हा वाच. मी वाचलं. तिने कप खाली ठेवला.

"मगे मी कित्याक रवलंय गो तुझ्या वाटेत?"

मी कसली वाट म्हणून विचारलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"कृष्णनाथाची. मोतीबिंदू डोळ्यात आसलो, मेंदूत न्हय."

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, गौरेश. ऑपरेशनच्या दिवशी ते इस्पितळात तीन तास बसले. बाहेरचा माणूस कोणासाठी तीन तास बसत नाही, आणि बसलाच तर ऑपरेशनच्या दाराकडे बघत बसतो, हा तर गो, तुझ्याकडे बघत बसला होता, असं ती मला म्हणाली. मी विचारलं, तेव्हा तर तुझ्या डोळ्यावर पट्टी होती. म्हणाली, एकाच डोळ्यावर होती.

ती बोलायची वाट बघत होती मी, आणि मी बोलायची वाट बघत होती ती. मी न सांगता तिने विषय काढला असता तर मी लगेच नाही म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं. खरंच म्हटलं असतं.

मग मी माझी ठेवणीतली अडचण काढली, की तिच्याजवळ कोण राहणार. त्याचीही तयारी झालेली. वाळपईहून बदलून आलेली सुलोचना नावाची नर्स खोली शोधते आहे. मावशीने तिला दोनदा घरी बोलावून पेज पाजून पारखलंय. "रक्तदाब मोजणारी भाडेकरू खंय गावता?" असं तिचं म्हणणं. आणि माझं कॉलेज पेडण्यातच, म्हणजे रोज दुपारी मी जेवायला तिच्याकडेच. "मये काय लंडनात आसा?" दोन वर्षांत ही साधी गोष्ट मला सुचली नाही. सुचली नाही, की सुचू दिली नाही, ते आता डायरीत शोधत बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात गेले. भटजींनी ओळखलं, पाकळ्या ओल्या करायला घेतल्या आणि म्हणाले, आज एकच विचार. मी हात जोडून उभी राहिले आणि काय विचारावं ते आठवेना. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसता नमस्कार करून आले. भटजी हातात पाकळ्या घेऊन बघत राहिले.

शुक्रवारी कृष्णनाथ पुस्तक परत करायला आले. मुदत शनिवारची होती. मी शिक्का मारला आणि म्हटलं, नोव्हेंबरात सही करायची, डिचोलीला. त्यांना तुझ्या रीडबॅकचं काही माहीत नाही. तरी हळूच म्हणाले, "नोव्हेंबरात. सही. डिचोलीक." काही गळलं नव्हतं.

लग्नाच्या नोंदणीची पहिली सही ३ नोव्हेंबरला, दुसरी, पक्की, २१ तारखेला, शुक्रवारी सकाळी साडेदहाला. दुसऱ्या सहीला साक्षीदार म्हणून तू हवास. हर्षालाही आण. माझ्यासाठी काही आणू नकोस. जीपमध्ये पुढची जागा मावशीची, हे तिने सगळ्यांना सांगून टाकलंय. तुम्हाला घ्यायला मोपाला येऊ. कोणत्या विमानाने येता ते कळव.

मावशीने सांगितलेलं वाक्य तिच्याच शब्दांत: "गौरेशाक लिही, मी हद्दीभायर पडलंय. वाट मोकळी."

तुझी ताई,
सुमंगला


लंडन,
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

पत्र घरच्याच पत्त्यावर पाठवतोय. मोठ्याने वाच.

रजा मिळाली. कशासाठी म्हणून विचारलं, तेव्हा ताईच्या लग्नात साक्षीदार आहे म्हणून सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचा पायलट म्हणाला, दोन वर्षं घिरट्या घालून उतरणारा माणूस त्याला बघायचाय, फोटो आण.

आता रीडबॅक. २१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी साडेदहा. डिचोली. दुसरी सही. साक्षीदार मी, बरोबर हर्षा. ताईसाठी काही आणायचं नाही, हे ऐकलं, पण कोरी डायरी आणतोय, तेवढं मोडतो. आम्ही १८ तारखेला मुंबईहून मोपाला दुपारी सव्वातीनला उतरू. आई, तेव्हा अंगणात मोजत बसू नकोस, विमानतळावर ये. पुढची जागा तुझी, आम्ही मागे.

गाडी कृष्णनाथभावोजींची.

गौरेश